पाखरांसाठी शेत विकत घेणारी आजी : पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

काशीला जाणारा मराठी माणूस दशाश्वमेध घाटावर गेल्याशिवाय परतत नाही. त्याच्या दक्षिणेला शीतला घाट, आणि त्याला लागून जो भक्कम दगडी घाट आणि वर वाडा दिसतो, त्याचे नाव अहिल्याबाई घाट. पूर्वी याला केवलगिरी घाट म्हणत. अहिल्याबाईंनी तो बांधून काढला आणि लोकांनी त्याला त्यांचेच नाव दिले. पायऱ्यांवर गायी उन्हाला बसलेल्या असतात, शेळ्या हिंडत असतात, हिवाळ्यात गंगेच्या पात्रावर दूरदेशीचे पांढरे पक्षी थव्यांनी उतरतात आणि नावेतले यात्रेकरू त्यांना शेव-फरसाण टाकतात. या पक्ष्यांना खाऊ घालणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की, ज्यांच्या नावाचा हा घाट आहे त्या बाईंनी पाखरांना दाणा मिळावा म्हणून चक्क शेते विकत घेतली होती.

अहिल्याबाईंचे राज्यकर्त्या, मंदिरे उभारणाऱ्या, न्यायी माता म्हणून स्मरण आपण नेहमीच करतो. आज त्यांच्याकडे आजी म्हणून पाहू. त्या खरोखरीच्या आजी होत्या. त्यांना एक नातू होता. आणि ज्या मुक्या जीवांना आपले दुःख दरबारात येऊन सांगता येत नाही, त्यांच्याही त्या आजीच होत्या.

त्यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड तालुक्यातले हे लहानसे गाव. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. घराणे धनगराचे. ज्या घरात त्या सून म्हणून गेल्या तेही धनगराचेच. सासरे मल्हारराव होळकर यांचे बालपण खानदेशात तळोद्याला मामाकडे गेले. मोठेपणी पेशव्यांच्या फौजेतले आघाडीचे सरदार झाले तरी मेंढपाळाचे रक्त त्यांनी कधी लपवले नाही. धनगराच्या घरात जनावराकडे पाहण्याची नजर वेगळी असते. मेंढरू लंगडले की त्याला खांद्यावर घ्यायचे, पाण्याची जागा कुठे आहे हे आधी पाहायचे आणि मगच मुक्काम टाकायचा, हे तिथे कुणाला शिकवावे लागत नाही. अहिल्याबाईंच्या पुढच्या आयुष्यात जो भूतदयेचा भाग दिसतो त्याला पुराणश्रवणाची जोड होतीच. पण मूळ मात्र, मला वाटते, या मेंढवाड्यात असावे.

१७३३ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी त्यांचा विवाह खंडेराव होळकर यांच्याशी झाला. सासू गौतमाबाई आणि सासरे मल्हारराव या दोघांनी सुनेला लिहिणे-वाचणे, हिशेब, कारभार शिकवला. मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन अपत्ये झाली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा एकोणतिशीतही पोहोचल्या नव्हत्या. रूढीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. म्हाताऱ्या मल्हाररावांनी त्यांच्यापुढे पदर पसरावा तशी विनवणी केली : मुलगा तर गेलाच, आता तूही गेलीस तर माझे कोण? अहिल्याबाई थांबल्या. पुढची एकेचाळीस वर्षे जे काही घडले, काशीपासून रामेश्वरापर्यंत जे काही उभे राहिले, ते या एका थांबण्यामुळे. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे.

१७६६ मध्ये मल्हारराव गेले. गादीवर आलेला मालेराव वर्षभरही टिकला नाही. १७६७ मध्ये तोही गेला. मालेरावाविषयी एक कथा फार प्रसिद्ध आहे : त्याच्या रथाखाली वासरू सापडले, गाय वाट अडवून बसली, आईने मुलाला तीच शिक्षा फर्मावली आणि गायच आडवी आली. इंदूरच्या आडा बाजाराचे नाव यावरून पडले असे सांगतात. भक्तिभावाने ही कथा सांगणाऱ्यांचे मन दुखवायचे नाही; पण अशीच कथा तमिळ देशात एका चोळ राजाविषयीही फार जुन्या काळापासून सांगितली जाते. अहिल्याबाईंच्या भूतदयेला अशा कथेचा आधार लागतच नाही. जे खरोखर घडले ते याहून साधे आहे आणि, निदान माझ्या मते, याहून मोठे आहे.

ते आपल्याला कळते एका इंग्रज अधिकाऱ्याकडून. जॉन माल्कम हा कंपनी सरकारचा सेनानी. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा पराभव करणाऱ्यांत तो होता. नंतर माळव्याची व्यवस्था त्याच्याकडे आली. अहिल्याबाईंना जाऊन तेव्हा वीस-बावीस वर्षे झाली होती, त्यांना डोळ्यांनी पाहिलेली माणसे हयात होती. बाईंची स्तुती ऐकून माल्कमला आधी संशयच आला. घरची माणसे आपल्या धनीणबाईंचे कौतुक करणारच. म्हणून त्याने निरनिराळ्या थरांतल्या लोकांकडे चौकशी केली. जिथे विचारावे तिथे तेच ऐकू आले. १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानवरील आपल्या ग्रंथात त्याने ते सारे नोंदवले. शत्रूच्या घरातल्या स्त्रीविषयी परक्याने लिहिलेले म्हणून त्याला वेगळे मोल आहे.

त्याने लिहून ठेवलेली दिनचर्या अशी. पहाटेपूर्वी तासभर अगोदर उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म. मग भोजन. हे भोजन नेहमी शाकाहारी असे. त्यांच्या जातीत मांसाहाराला मनाई नव्हती. त्यांनी तो आपण होऊन सोडला होता. दुपारी थोडी विश्रांती, दोनच्या सुमारास दरबार, तो सूर्यास्तापर्यंत चाले. पुन्हा दोन-तीन तास पूजा आणि थोडासा फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कारभार. अंगावर विधवेचे साधे पांढरे वस्त्र. कुणा विद्वानाने त्यांच्या स्तुतीने भरलेला ग्रंथ लिहून आणला, तर तो पुरता ऐकून घेतला आणि मग नर्मदेत टाकायला सांगितला. ग्रंथकर्त्याकडे पुन्हा लक्षही दिले नाही.

आता मुक्या जीवांची गोष्ट.

महेश्वर हे निमाडातले गाव. निमाडचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना त्याविषयी सांगायला नको. चैत्र-वैशाखात जमीन तव्यासारखी तापते. पण शेतकऱ्याला बैल उभा ठेवून चालत नाही. पावसाळ्याआधीची नांगरट, वखरणी, शेणखताच्या गाड्या, विहिरीवरची मोट, सारे याच दिवसांत. तहानलेल्या माणसाला निदान पाणी मागता येते. जोखडाखाली मान दिलेल्या बैलाला तेही नाही. महेश्वरच्या परिसरातल्या शेतकऱ्यांना या दिवसांत एक दृश्य नेहमीचे झाले होते. चालते औत थांबवले जाई, बाईंचा माणूस पाणी घेऊन आलेला असे, तो बैलांना पाणी पाजे आणि मग औत पुढे चालू लागे. रस्त्यांवर वाटसरूंसाठी पाणपोया त्यांनी घातल्याच होत्या. पण पाणपोईपर्यंत बैलाने यावे कसे? म्हणून पाणीच बैलाकडे जाई. दया अनेकांच्या मनात येते. ती औतापर्यंत चालत नेण्यासाठी माणूस नेमावा लागतो, त्याला पगार द्यावा लागतो, तो रोज जातो की नाही हे पाहावे लागते. अहिल्याबाईंनी हे सारे केले होते.

दुसरी गोष्ट पाखरांची, आणि तिच्यापाशी जरा थांबायला हवे.

कणसात दाणा भरला की पाखरांचे थवे उतरतात. शेतकरी माळ्यावर उभा राहतो, गोफण फिरवतो, हाकारे घालतो. पाखरू उपाशी उडून जाते. हळव्या मनाच्या राणीने काय केले असते? पाखरांना हाकलू नका, असा हुकूम काढला असता. राजधानीत तिची वाहवा झाली असती, आणि शेतकऱ्याच्या घरातले चार महिन्यांचे धान्य पाखरांच्या पोटात गेले असते. दानाचे पुण्य राणीचे आणि उपास कुणब्याच्या पोरांचा.

अहिल्याबाईंचे मत असे होते की, शेतकरी पाखरांना हाकलतो ते योग्यच करतो. त्या दाण्यांवरच त्याचे पोट आहे. पण पाखरांनाही पोट आहे. मग त्यांनी पिकाची शेते स्वतः विकत घेतली आणि ती पाखरांसाठी मोकळी सोडली. तिथे गोफण नाही, हाकारा नाही. आजूबाजूच्या शेतांतून उठवलेले थवे तिथे येऊन निवांत बसत. शेतकऱ्याचे नुकसान नाही, पाखराची उपासमार नाही, आणि खर्च ज्याच्या मनात दया आली त्याचा. दुसऱ्याच्या ताटातले उचलून दान करणारे पुष्कळ असतात, म्हणून ही बारीकशी गोष्ट मला त्यांच्या मोठमोठ्या मंदिरांइतकीच थोर वाटते.

हा खर्च कुठून होई, तेही सांगायला हवे. होळकरांच्या घराण्यात दौलत आणि खासगी असे दोन भाग होते. फौजफाटा, मुलूखगिरी, पेशव्यांचा भरणा हे दौलतीचे. खासगी ही घरच्या स्त्रियांची. सासू गौतमाबाईंना मिळालेली ही जहागीर वारशाने अहिल्याबाईंकडे आली. घाट, मंदिरे, धर्मशाळा, अन्नछत्रे यांचा खर्च त्या या खासगीतून करीत. राज्य शंकराचे, आपण त्याचे कारभारी, या भावनेने हुकुमांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव असे. नर्मदेतल्या माशांसाठी आणि रानातल्या पशूंसाठी धान्याचा वाटा वेगळा काढून ठेवलेला असे. हिवाळा सुरू होताना आश्रितांना ऊबदार वस्त्रे, सणाच्या दिवशी सर्व थरांतल्या गोरगरिबांना भोजन. या यादीत माणूस आणि मासा अगदी जवळजवळ येतात. त्यांच्या मनात त्यांच्यामध्ये फार अंतर नसावे.

काशीतले काम याच वृत्तीने झाले. १६६९ मध्ये विश्वनाथाचे मंदिर पाडले गेले होते. शतकाहून अधिक काळ यात्रेकरू येत आणि मंदिराविना दर्शन घेऊन जात. १७८० मध्ये अहिल्याबाईंनी जवळच नवे मंदिर उभे केले. आज आपण ज्या गाभाऱ्यात डोके टेकतो तो हाच. शिखराला सोने लागले ते पुढे पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांकडून. अहिल्याबाईंनी बांधले ते दगडाचे, आकाराने बेताचे आणि नीटनेटके. २०२१ मध्ये मंदिराभोवतीचा नवा विस्तीर्ण परिसर खुला झाला तेव्हा तिथे त्यांचा पुतळा बसवण्यात आला. दशाश्वमेध आणि मणिकर्णिका या घाटांच्या बांधकामातही त्यांचा मोठा वाटा आहे. काशीची गंगा ज्यांना कधीच दिसणार नाही, अशा दूर दक्षिणेतल्या देवस्थानांना गंगेचे पाणी पोहोचते करण्याची व्यवस्थाही त्यांनी केली होती. शेकडो कोसांची वाट होती ती. इथेही बैलाच्या पाण्यासारखाच विचार दिसतो : ज्याला येता येत नाही त्याच्याकडे पाणी गेले पाहिजे.

मणिकर्णिकेच्या बांधकामाचे वर्ष १७९१ सांगितले जाते. अहिल्याबाईंच्या आयुष्यातले सर्वांत कठीण वर्षही तेच.

मुक्ताबाईचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. राज्यातल्या चोर-लुटारूंचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, असे अहिल्याबाईंनी जाहीर केले आणि यशवंतरावांनी ते करून दाखवले, अशी आठवण सांगतात. मुक्ताबाईला एकच मुलगा झाला, नथोबा. पती, सासरे, मुलगा असे एकामागून एक गेलेल्या घरात हा नातू म्हणजे आजीचा जीव. होळकरांच्या वाड्यात तेवढेच एक कोवळे पान उरले होते. तो मोठा झाला, तारुण्यात आला, आणि महेश्वरातच मृत्यू पावला. साधारण वर्षभराने यशवंतरावही गेले.

मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय सांगितला.

इथे ते कुंभेरीचे थांबणे आठवावे. त्या दिवशी सुनेपुढे सासरा रडला होता. आज लेकीपुढे आई मातीत लोळण घेत होती. राणी म्हणून सांगून पाहिले, आई म्हणून विनवून पाहिले, देवाची आण घातली. मुक्ताबाई शांत होती. तिचे म्हणणे असे होते की, आई, तू आता म्हातारी आहेस, तुझे थोडे दिवस उरले आहेत. माझा मुलगा गेला, नवरा गेला, उद्या तूही जाशील, मग मी कुणासाठी जगू? मानाने जाण्याची वेळ मग टळलेली असेल. या बोलण्याला अहिल्याबाईंजवळ उत्तर नव्हते. मल्हाररावांची विनवणी फळली कारण समोरच्या सुनेला मुले होती, कारभार होता, पुढचे काही दिसत होते. मुक्ताबाईपुढे काहीच नव्हते. विधवेला समाजाने ठेवलेले आयुष्य तिने आईच्या रूपाने रोज पाहिले होते, आणि सगळ्यांनाच अहिल्याबाईंसारखे राज्य चालवायला मिळत नाही. ही रूढी धर्म नव्हती, क्रूरता होती, हे आज आपण मोकळेपणाने म्हणतो. कायद्याने ती बंद व्हायला यानंतर आणखी अडतीस वर्षे जावी लागली.

जिने जोखडातल्या बैलाची तहान ओळखली, गोफणीने उडालेल्या पाखराला जागा करून दिली, त्या बाईला पोटची लेक वाचवता आली नाही. या ठिकाणी काही चरित्रकार घाईने पुढे सरकतात, काही जण मुक्ताबाईच्या धैर्याची स्तुती करतात. मला दोन्ही योग्य वाटत नाही.

अहिल्याबाई लेकीच्या शेवटच्या वाटेवर चालत गेल्या. नर्मदेकाठी चितेजवळ उभ्या राहिल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. ज्वाळा उठेपर्यंत त्या स्थिर होत्या. मग धीर सुटला. धरलेले हात सुटेनात तेव्हा त्या तेच हात चावू लागल्या. सारे आटोपल्यावर नर्मदेत स्नान केले, वाड्यात गेल्या. तीन दिवस अन्न जवळजवळ घेतले नाही. कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. असंख्य माणसांची गाऱ्हाणी ज्यांनी ऐकली त्यांचे गाऱ्हाणे ऐकायला कुणी नव्हते. आणि असते तरी सांगणार काय?

नंतर त्या उठल्या. लेक-जावई-नातवाच्या स्मरणार्थ महेश्वरात त्यांनी एक देखणे स्मारक बांधायला घेतले आणि त्या कामात मन रमवले. दरबार पुन्हा दुपारी भरू लागला. तेव्हा वय सहासष्ट. घरात आता आई किंवा आजी म्हणून हाक मारणारे कुणी राहिले नव्हते. बाहेर मात्र सारे राज्य त्यांना मातोश्रीच म्हणत होते.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरात त्यांनी देह ठेवला. आयुष्याची सत्तर वर्षे झाली होती.

महेश्वरच्या वाड्यात त्यांनी घालून दिलेला लिंगार्चनाचा नेम आजही चालतो. काळ्या मातीची बोटभर पार्थिव लिंगे वळायची, प्रत्येकात तांदळाचा एक दाणा ठेवायचा, पूजा करायची आणि नर्मदेत सोडायची. माती पाण्यात विरते आणि दाणा माशांच्या मुखी जातो.